रेटाट्रुटाइडची कुपी घरात आली आहे : डोस कसा ठरतो, धोका नेमका कुठे?

नीलकाटा

मोठ्या भावाने वजन उतरवण्यासाठी जिमच्या ट्रेनरमार्फत रेटाट्रुटाइड या इंजेक्शनच्या दोन कुप्या मागवल्या आहेत. प्रत्येकीवर '१० मिग्रॅ' आणि 'फक्त संशोधनासाठी' एवढंच छापलंय. आत पांढऱ्या पुडीची चकती आहे, सोबत पाण्याची वेगळी बाटली. मोबाइलवर एक 'शुद्धता ९९ टक्के' असा कागद पाठवलाय.

भावाचं वय ४१, उंची १७२ सेंमी, वजन १०४ किलो. टाइप २ मधुमेह आहे. मेटफॉर्मिन १००० दिवसातून दोनदा, ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ सकाळी, डापाग्लिफ्लोझिन १०, आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० चालू आहे. ट्रेनरचं म्हणणं असं की थेट ४ मिग्रॅने सुरू करायचं, दर दोन आठवड्यांनी वाढवायचं, १२ वर गेलं की झपाट्याने वजन उतरतं. सिरिंज वेगळ्या आणायच्या नाहीत, बाबांच्या इन्सुलिनच्या घरात आहेतच.

अजून टोचलेलं नाही. मला हे जाणून घ्यायचंय:

१. चाचण्यांमध्ये खरोखर कोणता डोस दिला, कसा वाढवला?
२. त्याच्या चालू गोळ्यांबरोबर काय होऊ शकतं?
३. या कुपीवर कितपत विश्वास ठेवावा?
४. हे नको तर मग काय, आणि ते कसं घ्यायचं?

"घेऊ नको" एवढं सांगून तो ऐकणार नाही. कारण कळलं तर ऐकेल.

---

चाचणीघर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

रेटाट्रुटाइड हे इलाय लिली कंपनीचं, अजून मंजुरी न मिळालेलं औषध आहे. वजनासाठीच दिलं जाणारं सेमाग्लुटाइड जीएलपी-१ या एकाच ग्राहीवर (पेशीवरची, संप्रेरकाचा संदेश घेणारी जागा) काम करतं, टिर्झेपटाइड जीआयपी आणि जीएलपी-१ अशा दोन ग्राहींवर. रेटाट्रुटाइड या दोघांवर तर करतंच, शिवाय ग्लुकॅगॉनच्या ग्राहीवरही करतं. या तिसऱ्या भागाचा यकृतातल्या चरबीवर मोठा परिणाम दिसला आहे. यकृतात चरबी असलेल्यांच्या उपगटात १२ मिग्रॅवर २४ आठवड्यांत ती सरासरी ८० टक्क्यांहून जास्त घटली. मात्र हृदयाचे ठोके वाढणं, लय बिघडणं यांवर चाचण्यांमध्ये इतकी बारीक नजर ठेवतात त्याचं कारणही मुख्यतः हाच भाग आहे. दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ठोके २४ व्या आठवड्यापर्यंत वाढत गेले, नंतर उतरू लागले.

ती चाचणी जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ३३८ प्रौढ, ४८ आठवडे, आठवड्यातून एकदा इंजेक्शन, आणि डोसचे गट १, ४, ८ आणि १२ मिग्रॅचे. १२ च्या गटात सरासरी २४.२ टक्के वजन उतरलं. हा आकडा जिममध्ये सगळ्यांना तोंडपाठ असतो. त्याच चाचणीत ४ आणि ८ मिग्रॅच्या गटांचे दोन-दोन भाग केले होते, हे मात्र कोणी सांगत नाही. एका भागाची सुरुवात २ मिग्रॅने केली, दुसऱ्याची ४ ने. ४ ने सुरुवात केलेल्यांना मळमळ, उलट्या, जुलाब यांचा त्रास जास्त झाला. १२ च्या गटाची सुरुवात तर २ नेच केली होती.

पुढे तिसऱ्या टप्प्यातल्या ज्या चाचणीचे निकाल डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले (लठ्ठपणा आणि गुडघ्याची झीज असलेले लोक, ६८ आठवडे), तिच्यात सगळ्यांची सुरुवात २ मिग्रॅने केली आणि पायऱ्या ४, ६, ९, १२ अशा ठेवल्या. प्रत्येक पायरीवर चार आठवडे. म्हणजे १२ चं पहिलं इंजेक्शन १६ आठवडे उलटल्यावर. ट्रेनरने सांगितलेला आराखडा या औषधाच्या कुठल्याही चाचणीतला नाही.

चारच आठवडे का, हे भावाला नीट समजावा. या औषधाचा शरीरातला अर्धायुष्यकाळ साधारण सहा दिवसांचा आहे. सात दिवसांनी पुढचं इंजेक्शन घेता तेव्हा मागच्यातलं निम्म्याच्या आसपास शिल्लक असतं. त्यावर नवं साठत जातं आणि पातळी स्थिर व्हायला चार-पाच आठवडे लागतात. दोन आठवड्यांनी डोस वाढवणारा माणूस आधीच्या डोसचा पूर्ण परिणाम दिसायच्या आतच वरच्या पायरीवर जातो. "दोन आठवडे काही त्रास झाला नाही, वाढवूया" हा हिशेब तिथेच चुकतो.

त्याच निकालातले आणखी काही आकडे. १२ मिग्रॅच्या गटात सरासरी वजनघट २८.७ टक्के होती, आणि त्रासामुळे औषध सोडून देणारे १८.२ टक्के. ९ मिग्रॅवर सोडणारे १२.२ टक्के, औषध नसलेल्या नुसत्या द्रावणावर (प्लासिबो) ४ टक्के. त्वचेला विचित्र संवेदना होणं (जळजळ, मुंग्या, कपडा लागला तरी खुपणं) हा प्रकार १२ वर २०.९ टक्के लोकांना झाला, ९ वर ८.८ टक्के, द्रावणावर ०.७ टक्के. हा परिणाम डोसबरोबर सरळ वाढतो. देखरेखीत असलेल्या माणसाचा डोस अशा वेळी कमी करता येतो. स्वतःच टोचणाऱ्याला हे मधुमेहामुळे नसांना झालेल्या इजेचं लक्षण की औषधाचं, एवढंही कळणार नाही.

आता तुमच्या भावापुरतं सर्वांत महत्त्वाचं. वरची ३३८ जणांची चाचणी मधुमेह नसलेल्या लोकांवर होती. टाइप २ मधुमेहींवर दुसऱ्या टप्प्याची वेगळी चाचणी झाली. तिच्यात २८१ जण होते आणि ते एक तर फक्त आहार-व्यायामावर होते किंवा मेटफॉर्मिनवर. ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांना त्या चाचणीत जागाच नव्हती. वजनही मधुमेहींमध्ये कमी उतरतं: १२ मिग्रॅवर ३६ आठवड्यांत १७ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे २४ टक्के किंवा २८ टक्के हा आकडा त्याच्यासाठी नाहीच.

---

गोळीखाना

तिसरा प्रश्न माझ्या कामाचा. फार्मसीच्या बाजूने सांगते.

कुपीबद्दल पाच गोष्टी माहीत असाव्या लागतात: आत तेच औषध आहे का, किती आहे, सोबत दुसरं काय आहे, ती निर्जंतुक आहे का, आणि तिच्यात जिवाणूंचं एंडोटॉक्सिन किती आहे. मोबाइलवर आलेला '९९ टक्के' हा कागद खरा धरला तरी तो फक्त तिसऱ्याबद्दल आणि थोडाफार पहिल्याबद्दल बोलतो. त्या तपासणीत पुडीतल्या पेप्टाइडपैकी (छोट्या प्रथिनसाखळीपैकी) किती भाग एकजिनसी आहे ते दिसतं. कुपीत एकूण १० मिग्रॅ आहे की ६ की १४, ते त्यातून कळत नाही. निर्जंतुकपणाची आणि एंडोटॉक्सिनची तपासणी पूर्ण वेगळी असते. एंडोटॉक्सिन म्हणजे मेलेल्या जिवाणूंच्या कवचाचे अंश. गाळणीतून गाळलं तरी ते राहतात, जंतुनाशक घातलेल्या पाण्यानेही जात नाहीत, आणि टोचल्यावर काही तासांत थंडी-ताप आणू शकतात. शिवाय तो कागद कुठल्या लॉटचा, हे कुपीवरच्या लॉट क्रमांकाशी ताडून पाहा. बहुतेकदा कुपीवर लॉट क्रमांकच नसतो. मग ताडणार कशाशी?

पांढरी चकती बघून काहीही ओळखता येत नाही. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड, रेटाट्रुटाइड आणि निव्वळ मॅनिटॉल (औषध नसलेली, भरतीची पूड) वाळवलं तर चकती सारखीच दिसते.

'फक्त संशोधनासाठी' ही ओळ विकणाऱ्याने स्वतःच्या बचावासाठी छापलेली असते. माणसाला टोचायचं औषध म्हणून तो हे विकत नाहीये, असं तो लेखी सांगतोय. आपल्याकडे नवीन औषध केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही, त्यामुळे कुठलाही परवानाधारक केमिस्ट तुम्हाला रेटाट्रुटाइडचं बिल देऊ शकणार नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेनेही हे औषध फार्मसीत मिसळून बनवता येणार नाही असं स्पष्ट केलंय आणि विकणाऱ्यांना नोटिसा धाडल्या आहेत.

आता सिरिंज. हे वाचून आधी कपाट उघडा आणि बाबांच्या सिरिंजचं टोपण कुठल्या रंगाचं आहे ते बघा.

लाल टोपण असेल तर ती यू-४० आहे: १ मिलिच्या नळीवर ४० रेघा. केशरी टोपण असेल तर यू-१००: १ मिलिला १०० रेघा. भारतात ४० च्या इन्सुलिनच्या बाटल्या अजून सर्रास मिळतात, म्हणून लाल टोपणाच्या सिरिंज घरोघरी आहेत. परदेशी व्हिडिओ, तक्ते, ट्रेनर लोकांच्या चिठ्ठ्या मात्र सगळ्या यू-१०० धरून 'इतके युनिट ओढा' असं सांगतात. यू-१०० वर २० ची रेघ म्हणजे ०.२ मिलि. यू-४० वर २० ची रेघ म्हणजे ०.५ मिलि. द्रावण तेच, रेघ तीच, आणि औषध अडीचपट. ४ मिग्रॅ समजून १० मिग्रॅ टोचलं जाईल, तेही पहिल्याच दिवशी.

मुळात 'युनिट' हे इन्सुलिनचं माप आहे. या औषधांना युनिट नसतातच, मिलिग्रॅम असतात. मिलिग्रॅमवरून मिलिलिटर आणि त्यावरून रेघ, अशी दोन रूपांतरं घरी करायला गेलं की चूक होते. सेमाग्लुटाइडच्या मिसळून दिलेल्या कुप्यांबाबत अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०२४ मध्ये याच कारणाने इशारा दिला होता. मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट यांत गल्लत होऊन लोकांनी ठरलेल्या डोसच्या ५ ते २० पट औषध घेतलं आणि काहींना रुग्णालयात दाखल करावं लागलं. तिथे निदान कुपीत काय आहे ते लिहिलेलं होतं. इथे मूळ आकडाच भरवशाचा नाही. १० मिग्रॅच्या जागी १४ असेल तर बाकीचं गणित अचूक करूनही डोस चुकणारच.

त्यामुळे या पुडीत किती पाणी घालायचं, किती रेघा ओढायच्या, याचं उत्तर मी देणार नाही. ते उत्तर बरोबर असूच शकत नाही.

---

नीलकाटा

टोपण लाल आहे. आत्ताच पाहिलं. भावालाही दाखवलं, तो जरा गप्प झालाय.

त्याचा प्रश्न: "चाचणीत २ ने सुरू करतात ना, मग मी २ घेतो. दोनने काय होणार आहे?"

---

डॉ. हंसपदी

दुसऱ्या प्रश्नात त्याचं उत्तर आहे. चारही गोळ्यांचं एकेक बघू.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, माणूस जेवला असो वा नसो. या वर्गातल्या इंजेक्शनने पहिल्या आठवड्यापासून भूक मरते. सकाळची गोळी घेतली, दुपारी दोन घास खाल्ले, आणि चार वाजता घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. एकादशी, चतुर्थी करत असेल तर धोका आणखी वाढतो. मंजूर औषधं सुरू करतानाही म्हणूनच ग्लिमेपिराइड बहुधा निम्मं करतात किंवा थांबवतात, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि रोजच्या साखरेचे आकडे पाहून. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात विरघळवून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. लाडू, चिक्की, बिस्किट नको. पोट संथ चालत असताना तूप-तेलातली साखर रक्तात उशिरा पोचते.

डापाग्लिफ्लोझिनचा धोका लोकांना माहीतच नसतो. ही गोळी लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकते. उलट्या होत असतील, खाणं जवळपास बंद असेल आणि ही गोळी चालूच असेल, तर रक्तात कीटोन साठून आम्लता वाढू शकते, आणि त्या वेळी साखर १८०-२०० च दिसत असते. ग्लुकोमीटर बघून सगळं ठीक वाटतं, माणूस मात्र धापा टाकत असतो. उलट्या सुरू झाल्या, जेवण जात नाही, अशा दिवशी ही गोळी थांबवायची आणि डॉक्टरांना कळवायचं, हा नियम ज्याला ती लिहून दिली आहे त्या प्रत्येकाला माहीत हवा.

टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन शरीरातलं पाणी कमी झालं की अडचणीचे ठरतात. उलट्या-जुलाबाने पाणी गेलं, त्यात टेल्मिसार्टन, तर मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब घटतो आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चाललंय का ते सांगणारा रक्तातला आकडा) चढतं. मूत्रपिंड मंदावलं की मेटफॉर्मिन साठतं. या वर्गातल्या औषधांनी मूत्रपिंडाला होणारी इजा बहुतांशी या वाटेने होते. वजन उतरेल तसा रक्तदाबही उतरतो, तेव्हा टेल्मिसार्टनचा डोस कमी करावा लागतो. तो कोणी मोजत नसेल तर उठताना चक्कर येऊन पडणं ठरलेलं.

म्हणून '२ ने काय होणार' याचं उत्तर: चाचणीतल्या २ मिग्रॅआधी ईसीजी, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, डोळ्यांचा पडदा असं सगळं पाहिलेलं असतं, आणि धोक्याच्या गोळ्या घेणारा माणूस बाहेर ठेवलेला असतो. त्याच्या २ मिग्रॅला यातलं काहीच नाही. आणि लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ते दोनचे पाच होणार आहेत.

भावाला कुठलंही इंजेक्शन सुरू करायचं असेल, अगदी मंजूर औषधसुद्धा, तर आधी हे करून घ्या: एचबीए१सी, क्रिएटिनिन व ईजीएफआर, यकृताच्या तपासण्या, लिपिड, टीएसएच, ईसीजी, लघवीतलं अल्ब्युमिन, आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. शेवटची टाळू नका. साखर झपाट्याने खाली आली की आधीपासून असलेला पडद्याचा आजार काही काळ बळावू शकतो. घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग किंवा एमईएन-२ (ग्रंथींमध्ये गाठी होणारा आनुवंशिक आजार) असेल, तर हा वर्ग पूर्ण वर्ज्य. आधी स्वादुपिंडाचा दाह होऊन गेला असेल, पित्ताशयात खडे असतील, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा.

---

सुईधागा

चौथा प्रश्न. मधुमेह-समुपदेशक म्हणून रोज जे शिकवते ते लिहिते आहे. भावाचा बीएमआय ३५ येतो आणि मधुमेह आहे, म्हणजे मंजूर औषधांच्या निकषात तो सरळ बसतो. मग चोरवाटेने जायचं कशाला? टिर्झेपटाइड (माउंजारो) भारतात मार्च २०२५ पासून आहे, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) जून २०२५ पासून.

टिर्झेपटाइडच्या पायऱ्या: २.५ मिग्रॅ चार आठवडे, मग ५. पुढे गरज असेल तरच २.५ ने वाढ, प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे, कमाल १५. २.५ ही फक्त सवयीची पायरी आहे, तिच्यावर वजन फार उतरत नाही म्हणून निराश व्हायचं नाही. मधुमेहींच्या चाचणीत १५ वर ७२ आठवड्यांत १४.७ टक्के उतरलं होतं. भावाच्या वजनावर ते १५ किलो होतात. शिवाय ५ वर छान चाललं असेल तर तिथेच थांबलेलं चालतं. वर चढणं ही काही सक्ती नाही.

वेगोव्ही: ०.२५, ०.५, १, १.७ मिग्रॅ प्रत्येकी चार आठवडे, मग २.४.

कुपी आणि पेन यांत गल्लत नको. टिर्झेपटाइडच्या कुपीत ०.५ मिलि द्रावण असतं, तेच अख्खं एका वेळी. २.५ च्या कुपीतही अर्धा मिलि, ५ च्या कुपीतही अर्धाच, फरक तीव्रतेचा. यू-१०० सिरिंजवर ही ५० ची रेघ. ओढण्याआधी हात धुवा, द्रावण रंगहीन किंवा फिकट पिवळसर आहे ना ते बघा (गढूळ, कण दिसले तर वापरू नका), रबरी बूच स्पिरिटने पुसा आणि वाळू द्या. सिरिंजमध्ये अर्धा मिलि हवा घेऊन ती कुपीत सोडा, कुपी उलटी धरा, सुईचं टोक द्रावणात बुडालेलं ठेवून सावकाश ओढा. बुडबुडा आला तर नळीला टिचकी मारून वर आणा, परत कुपीत ढकला, पुन्हा रेघेपर्यंत ओढा. बुडबुडा टोचला गेला तर घाबरायचं कारण नाही, पण तेवढं औषध कमी जातं. जागा: बेंबीपासून दोन इंच सोडून पोट, किंवा मांडीचा पुढचा भाग. दर आठवड्याला जागा बदला.

एक चूक वारंवार दिसते. बाजारात आलं तेव्हा २.५ ची कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ ची ४,३७५ ला होती. मग लोक ५ ची घेऊन अर्धी आज, अर्धी पुढच्या आठवड्यात असं करतात. हिशेब कळतो, पण त्या कुपीत जंतुरोधक घातलेलं नाही. बूच एकदा टोचलं की ती उघडीच समजायची, फ्रिजमध्ये ठेवली तरी. आठवडाभर उघड्या राहिलेल्या द्रावणातून त्वचेखाली गळू होऊ शकतं. पैशाची अडचण असेल तर डॉक्टरांशी उघड बोला, कमी पायरीवर जास्त काळ राहता येतं.

पेनमध्ये चार डोस असतात आणि प्रत्येक ०.६ मिलिचा. दर वेळी नवी सुई, दर वेळी आधी थेंब काढून बघायचा, मग बटण पूर्ण दाबून पाचपर्यंत सावकाश मोजायचं आणि सुई काढायची. घाईने काढली की पोटावर थेंब ओघळतो, तो डोसातला. सुई पेनला लावून ठेवू नका, गळती होते आणि हवा आत जाते. चार डोस झाल्यावर पेनमध्ये थोडं द्रव दिसतं. ते थेंब काढण्यासाठीचं जादा असतं, सिरिंजने ओढून पाचवा डोस करायचा नाही.

साठवण २ ते ८ अंशांवर, फ्रिजच्या दारात किंवा बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही. एकदा गोठलं की टाकून द्यायचं, वितळल्यावर ठीक दिसलं तरी. न वापरलेली कुपी ३० अंशांखाली २१ दिवसांपर्यंत बाहेर चालते, पण विदर्भात, मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये खोलीच ३८-४० अंशांवर असते. तिथे 'बाहेर चालते' हे लागू होत नाही.

टिर्झेपटाइडचा डोस राहिला तर चार दिवसांच्या आत (९६ तास) आठवलं तर घ्या, त्यापुढे सोडून द्या आणि नेहमीच्या वारी घ्या. दोन इंजेक्शनांत किमान ७२ तास हवेत. सलग काही आठवडे चुकले तर जुन्याच वरच्या डोसवर परत उडी नको, डॉक्टरांना विचारून खालून चढा.

स्त्रियांसाठी, कारण हा धागा त्याही वाचतील: टिर्झेपटाइडने तोंडी गर्भनिरोधक गोळीचं शोषण घटू शकतं. सुरुवात केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक वाढीनंतर चार आठवडे निरोध किंवा दुसरी पद्धत जोडीला ठेवा. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं.

खाण्याबद्दल थोडक्यात. पहिले प्रोटीन, मग भाजी, मग भाकरी. दोन अंडी किंवा वाटीभर मोडाची मटकी आधी, भात शेवटी. प्रोटीन मिळालं नाही तर चरबीबरोबर स्नायूही जातात. साबुदाण्याची खिचडी, वडे, मिसळीवरची तर्री पहिल्या दोन महिन्यांत टाळा. तेल-पिष्ट पोटात रेंगाळतं आणि रात्री उलटी होते. पोट भरलं की ताटात उरलेलं तसंच राहू द्यायचं.

---

पाटवडी

ज्यांनी बाहेरून आणलेलं आधीच टोचलंय त्यांनी काय करायचं? ओळखीतल्या एकाने परवा पहिला डोस घेतला, किती गेला ते त्यालाही माहीत नाही. उलट्या चालू आहेत.

---

डॉ. हंसपदी

त्याला आजच दाखवा, आणि डॉक्टरांना खरं सांगा: कुठली कुपी, कधी, कुठली सिरिंज, किती रेघा. पोलीस केस होईल या भीतीने लोक 'बाहेरचं खाल्लं' म्हणतात आणि दोन दिवस ओंडान्सेट्रॉनवर (उलटी थांबवणाऱ्या गोळीवर) काढतात. या औषधावर उतारा नाही. अर्धायुष्यकाळच सहा दिवसांचा, त्यामुळे जास्त गेलेल्या डोसचा त्रास एका रात्रीत संपत नाही, बरेच दिवस लक्ष ठेवावं लागतं.

घरी असेपर्यंत ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, एक-दोन घोट दर पाच मिनिटांनी. गटागट प्यायलं तर परत बाहेर येईल. मधुमेहाच्या गोळ्या घेत असेल तर साखर दर तीन-चार तासांनी मोजा आणि ग्लिमेपिराइड, डापाग्लिफ्लोझिन यांची पुढची गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नका.

यातलं काहीही दिसलं तर ओपीडीची वाट न बघता १०८ किंवा थेट तातडीचा विभाग: पोटाच्या वरच्या भागात न थांबणारी, पाठीत जाणारी कळ (स्वादुपिंडाचा दाह, सीरम लायपेज करायला सांगा). उजव्या बरगडीखाली दुखणं आणि ताप किंवा डोळे पिवळे. घोटभर पाणीही न टिकणं. सात-आठ तास लघवी नाही. बसल्याजागी छातीत धडधड, घेरी. जोरजोरात श्वास. एका डोळ्याने अचानक अंधुक. टोचल्यावर काही तासांत हुडहुडी भरून ताप, किंवा जागा लाल, गरम, वाढत जाणारी.

पुढच्या काही आठवड्यांत कुठली शस्त्रक्रिया किंवा एंडोस्कोपी ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन घेतल्याचं सांगायलाच हवं. पोट उशिरा रिकामं होतं, रात्रभर उपाशी राहूनही आत अन्न असू शकतं आणि भुलेखाली ते फुप्फुसात जाऊ शकतं.

---

नीलकाटा

सगळं त्याला वाचून दाखवलं. कुप्या वापरणार नाही म्हणतोय. शुक्रवारी फिजिशियनची वेळ घेतली आहे. चाचणीत नाव घालता येतं का, असं विचारतोय. आणि या कुप्यांचं काय करू?

---

चाचणीघर

भारतातल्या चाचण्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री या सरकारी संकेतस्थळावर नोंदवलेल्या असतात, तिथे औषधाच्या नावाने शोधता येतं. नोंदणी क्रमांक आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी दोन्ही तपासा. संमतीपत्र मराठीत मागायचा त्याला हक्क आहे, आणि ते घरी नेऊन वाचायचाही. औषध आणि तपासण्या मोफत असतात, चाचणीमुळे इजा झाली तर २०१९ च्या नियमांनुसार उपचार आणि भरपाई मिळते. सहभागासाठी कोणी पैसे मागितले तर ती चाचणी नाही. ग्लिमेपिराइडमुळे त्याला नकारही मिळू शकतो. गोळ्या परस्पर बंद करून निकषात बसायचा प्रयत्न मात्र करू नका.

---

गोळीखाना

कुप्या बेसिनमध्ये ओतू नका, कचऱ्यात टाकू नका, ट्रेनरला परतही देऊ नका, त्या दुसऱ्याला विकल्या जातील. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट जपा, आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी तक्रारीसह जमा करून पोच घ्या. कोणाला त्रास झाला असेल तर औषधांच्या दुष्परिणामांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, तिथे रुग्ण स्वतः नोंद करू शकतो, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. पाटवडी, तुमच्या ओळखीतल्याची नोंद जरूर करा आणि त्याची उरलेली कुपी फ्रिजमध्ये वेगळ्या डब्यात, नाव लिहून ठेवा. तो दवाखान्यात दाखल झाला तर डॉक्टर तीच आधी मागतील.

आणि नीलकाटा, शुक्रवारी जाताना गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, यादी करून नेऊ नका. ग्लिमेपिराइड कित्येकदा मेटफॉर्मिनच्या जोडगोळीतही असतं आणि यादीत ते निसटतं.